आधी ताप

तिला आधी ताप आला होता. साधाच, घसा धरून आलेला, घरात सगळ्यांना आला तसा. लेकीचा दोन दिवसांत उतरला, नवऱ्याचा चार दिवसांत. तिचाही उतरला, पण ती काही उठली नाही. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दिवसभर यंत्रापुढे उभी राहणारी बाई आता दात घासून आली तरी भिंतीला टेकून बसायची. केस विंचरायला हात वर धरवेना. एखाद्या दिवशी जिवावर उदार होऊन धुणं केलंच, तर पुढचा आठवडा अंथरुणात जायचा. उजेड सोसायचा नाही, आणि स्वयंपाकघरात वाटी पडली तरी कानात खिळा ठोकल्यासारखं व्हायचं.

तपासण्यांत काही निघालं नाही. सासूबाई म्हणाल्या, "पडून राहिलं की माणूस पडूनच राहतं." नवरा छापखान्यात मशीनवर होता. तो काही म्हणायचा नाही. सकाळी निघताना फक्त दारात थांबून विचारायचा, "आज जरा उठून बघतेस का?"

लेक सात वर्षांची. एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. शाळा दोन गल्ल्या पलीकडे. आई आजारी पडल्यापासून शेजारीण आपल्या मुलाबरोबर तिलाही घेऊन यायची. त्या दुपारी शेजारणीला पोचायला थोडा उशीर झाला. भिंगरीने वाट पाहिली आणि मग रस्ता काही नवा नाही म्हणून एकटीच निघाली. वळणावर रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोवाल्याने तिला पाहिलं नाही. आई तेव्हा घरात, खिडकी लावून, डोळ्यांवर ओढणी बांधून पडली होती. दार वाजलं तेव्हा तिला वाटलं, आली.

त्यानंतर डॉक्टर बदलले, पण संभाषण तेच राहिलं.

"कधीपासून होतंय हे?"

"ताप आला तेव्हापासून."

"घरात काही घडलं होतं का?"

ती सांगायची. मग समोरचं पेन थांबायचं आणि चेहरा मऊ व्हायचा. त्या मऊपणाची तिला पुढे पुढे धास्ती बसली.

"असं होतं. मनाला पेलत नाही ते शरीर उचलतं."

"पण ताप आधी आला होता. मुलगी नंतर गेली."

"हो, हो," डॉक्टर म्हणायचे. लहान मुलाला म्हणतात तसं.

एकाने झोपेच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याने समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्या बाई चांगल्या होत्या, त्यांच्यापुढे ती पोटभर रडली. घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "हलकं वाटलं. पण जिना काही चढवला नाही." तो तिला पाठीवर घेऊन वर आला होता.

मग फोनवर तिला तिच्यासारख्यांचा एक गट सापडला. कुणी शिपाई, कुणी वकील, कुणी कॉलेजातली पोरगी. सगळे एका तापानंतर अंथरुणाला लागलेले. गट चालवायचे ते गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे सर म्हणत. ते स्वतः पडल्या पडल्या, एका बोटाने मजकूर लिहीत. तिथे पहिल्यांदा तिला कुणी "नक्की का?" असं विचारलं नाही.

भांडणं मात्र तिथेही होती, आणि एकच भांडण सारखं उकरून निघे. कुठे तरी संशोधनाची बातमी यायची की विचार बदलले, व्यायाम वाढवला की हा थकवा जातो. निम्मा गट पेटून उठायचा. व्यायाम वाढवून कायमचे खाटेला खिळलेले त्यांच्यातच होते. एकदा एक नर्स म्हणाली, "पण मन काय शरीराच्या बाहेर असतं? मला उदासही वाटतं. ते मी कुठे बोलायचं?" सरांनी उत्तर लिहिलं, "मन शरीरातच असतं, बाई. पण त्यांनी एकदा मन म्हटलं की रक्त तपासायचं राहून जातं." नर्सने पुन्हा काही लिहिलं नाही.

तिलाही सरांनी एकदा फोनवर सांगितलं. "ताई, कडू बोलतो, रागावू नका. मुलीचं कुणाला सांगत जाऊ नका. ते एकदा कागदावर आलं की पुढचं कुणी वाचत नाही."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. नव्या डॉक्टरांनी विचारलं, "मुलंबाळं?" तर ती म्हणाली, "नाहीत." नवरा शेजारी बसला होता. त्या डॉक्टरांनी खरंच नीट तपासलं, नाडी बसवून घेतली, उभं करून घेतली, वर्षानुवर्षांत कुणी विचारले नव्हते असे प्रश्न विचारले. परतताना ती म्हणाली, "बघितलंत?" तो रस्त्याकडे बघत राहिला. पुढे घरीही मुलीचं नाव निघेनासं झालं. कुणी ठरवलं नव्हतं, पण सवय लागली.

अशी काही वर्षं गेली. मग एक तरुण संशोधक आली. तिला या आजाराच्या लोकांचं रक्त हवं होतं, आणि बरोबर थोडी आयुष्याची माहिती. वाचनालयाच्या वरच्या खोलीत गट जमला. पडदे ओढलेले, जमिनीवर चटया, बरेचजण आडवे. नवऱ्याने तिला भिंतीशी उशी लावून बसवलं.

"रक्त घ्या हवं तेवढं," सर चटईवरूनच म्हणाले. "घरचे प्रश्न कशाला?"

"तुलनेला लागतात, सर. निरोगी लोकांनाही तेच विचारणार आहोत."

"तुम्ही विचाराल तुलनेला. छापणारे छापतील कारण म्हणून."

"ते माझ्या हातात नाही," संशोधक म्हणाली. "मी खोटं नाही सांगणार."

बराच वेळ वाद चालला. ज्यांना मोठ्याने बोलवत नव्हतं त्यांचं म्हणणं शेजारचे सांगत होते. शेवटी ठरू लागलं की अशा प्रश्नांना सगळ्यांनी 'नाही' एवढंच उत्तर द्यायचं: जवळचं कुणी गेलं का, नाही, मोठा धक्का, नाही.

तेव्हा ती बोलली. आवाज इतका बारीक की संशोधक उठून जवळ येऊन बसली.

"मी नाही म्हणणार नाही. माझी मुलगी गेली."

सर म्हणाले, "ताई."

"ऐका, सर. सगळे म्हणतात, ती गेली म्हणून मी आजारी पडले. मग ती गेली तेव्हा मी कोण होते? धडधाकट बाई घरात लोळत होती आणि पोर एकटी रस्त्यावर, असंच ना?" ती थांबली. श्वास पुरत नव्हता. "मी आजारी होते म्हणून तिला आणायला गेले नाही. ताप आधी आला होता. तुम्ही काही लिहा, पण हे उलटं लिहू नका."

संशोधक म्हणाली, "मी लिहून घेते." तिच्यानंतर आणखी काहींनी आपल्या घरचं खरं सांगितलं.

त्या एका दुपारची किंमत तिला महिनाभर मोजावी लागली. नवरा चमच्याने भरवायचा.

अभ्यास छापून यायला बराच काळ लागला. रक्तात खरंच काही वेगळं सापडलं होतं, पण ते समजायला कठीण होतं. वर्तमानपत्राने सोपं तेवढं उचललं: थकव्याच्या अनेक रुग्णांच्या घरी मृत्यू झालेला. वर ठळक मथळा, 'थकवा की न सरलेलं दुःख?' आधी काय आणि नंतर काय, याचा उल्लेख नव्हता. संशोधकाचा फोन आला. तिने तो तपशील लिहिला होता, पण शेवटच्या मसुद्यात जागा नाही म्हणून वरिष्ठांनी काढला. तिने माफी मागितली. तिचा आवाज रडवेला होता, म्हणून हिनेच तिची समजूत काढली.

गटात मात्र आग लागली. एकाने लिहिलं, "सांगून काय मिळवलंत? आम्हा सगळ्यांना वेडं ठरवलंत." दुसऱ्याने लिहिलं, "आपलं दुःख आपल्यापाशी ठेवायला काय झालं होतं?" सरांनी त्यांना आवरलं आणि तिला वेगळा निरोप पाठवला: 'तुमचं चुकलं नाही. पण मीही चुकलो नव्हतो, याचंच वाईट वाटतं.' नवऱ्याने तो वाचून दाखवला. ती म्हणाली, "मला गटातून काढायला सांगा त्यांना. माझ्याने होत नाही." त्याने तसं कळवलं. ज्या एका जागी तिला कुणी 'नक्की का' विचारलं नव्हतं, तीही गेली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तो तिच्या खाटेशी जमिनीवर बसून संत्रं सोलत होता. ती डोळे मिटून म्हणाली, "तुम्हाला एक विचारू? त्या दिवशी, ती गेली त्या दिवशी. मी आजारी आहे असं तुम्हाला वाटत होतं?"

त्याचे हात थांबले. हो म्हणणं सोपं होतं.

"नाही," तो म्हणाला. "तेव्हा नव्हतं वाटत."

"मी कंटाळा करते असं वाटत होतं?"

"हो. आई म्हणायची तेच मलाही वाटायचं."

"आणि नंतर?"

"नंतर तुला पाठीवरून वर आणायला लागलो तेव्हा कळलं. उशीर झाला होता."

तिच्या कानशिलावरून पाणी उशीत मुरत होतं. तिला पुसायला हात उचलवत नव्हता, आणि तो पुसावं की नाही या विचारात बसून राहिला.

"आता भिंगरी दहावीत असती," ती म्हणाली.

"अकरावीत," तो म्हणाला.

तिने मनात हिशेब केला. मग मान हलवली. तोच बरोबर होता.