गुरवाचं तोंड कुणाकडे

रोममध्ये वीस वर्षांपूर्वी पाद्री वळले आणि लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले.

काशीरामच्या काजूची फांदी गंगारामच्या कौलांवर टेकली.

राहीकडे एका आठवड्यात तिसरी कोंबडी कापली गेली.

हरिहर गुरुजींना भाच्याने दुबईहून टेपरेकॉर्डर पाठवला.

संगमेश्वराच्या आतल्या अंगाला असलेल्या त्या गावात, चौऱ्याऐंशीच्या शिमग्याआधी, या चार गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तो गुरुजींनी जोडून दिला.

गुरुजी शाळेतून निवृत्त झाले आणि देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष झाले. म्हणजे निवृत्त झालेच नाहीत. कुठल्याशा मासिकात त्यांना एक शब्द सापडला होता: अज्जोर्नामेंतो. मूळचा इटालियन, इंग्रजांनी उचललेला. जुन्या संस्थेने मोडून न पडता आजच्या काळात यायचं, त्याला म्हणायचं अज्जोर्नामेंतो. तो शब्द घेऊन ते भागोजी गुरवाच्या पडवीत येऊन बसले.

"भागोजी, यंदा गाऱ्हाणं लोकांकडे तोंड करून घालायचं."

"नि वाघजाईकडं पाठ?"

"देवी समजूतदार आहे."

"ती हाय वो. मी माझं इचारतोय."

"रोममध्ये झालं, इथे का नाही? आणि जमत नसेल तर तुमचा आवाज टेपात भरून घेऊ. मग तुम्ही पडून राहिलात तरी हरकत नाही."

हे ते प्रेमानेच बोलले. पण आज्यापासून चालत आलेला मान एका डब्यात जाणार, हे ऐकून भागोजीच्या तोंडातलं पान कडू झालं. "फिरतो मी," तो म्हणाला.

आता गावाची रीत अशी, की शिमग्याआधी आठ दिवस ज्याचं त्याने यावं, भागोजीच्या कानात आपलं मागणं सांगावं आणि जावं. भागोजी ते देवीपुढे मांडी, नाव न घेता. लोक म्हणत, "व्हय म्हाराजा!" तीस वर्षं गावाला त्याची पाठ तेवढी दिसली होती, आणि कुठलं मागणं कुणाचं हे पाठीवरून कधी कुणाला कळलं नव्हतं.

शिमग्याच्या दिवशी तो फिरला. समोर दीडशे तोंडं.

पाऊसपाणी झालं, गुरंवासरं झाली, मुंबईच्या चाकरमान्यांना सुखी ठेव झालं. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. मग त्याने तोंड उघडलं, "कुणाच्या घरी पाव्हणा आलाय..." आणि त्याचे डोळे त्याला न विचारता निघाले ते थेट राहीच्या जावयाकडे. जावई पहिल्याच रांगेत, मिशीला पीळ देत बसलेला.

भागोजीला घाम फुटला. राहीने कानात सांगितलं तेव्हा ती रडायच्या बेतात होती. हे फुटलं तर लेकीला तोंड दाखवायची सोय नाही. त्याने डोळे उपटून काढावेत तसे तिथून काढले. आता ठेवायचे कुठे? ज्याने कानात काहीच सांगितलेलं नाही असं तोंड गावात एकच होतं, आणि ते देवळातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसलं होतं.

गुरुजींकडे टक लावून भागोजी म्हणाला, "पाव्हण्यानं चार दिस ऱ्हावं नि आपल्या घरी जावं, अशी त्याला बुद्धी दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले आणि गुरुजींकडे बघू लागले.

"शेजाऱ्याच्या काजूची फांदी कौलं फोडते, तो काजू मुळासकट वाळू दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गुरुजींनीही सवयीने म्हटलं.

"कुणाची बायको चार महिनं धड बोलत नाय, तिला वाचा फुटू दे म्हाराजा!"

बायकांमध्ये बसलेल्या मालिनीबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की गुरुजी खुर्चीवरून उठलेच.

"अहो, हे माझं नाही!"

"मंग कुणाचं वो?" काशीरामने विचारलं. काजूवाला काशीराम. तो हसत नव्हता.

गंगाराम पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. राही पदर सारखा करत होती, पुन्हा पुन्हा. चाळीस वर्षं वर्गात कुणी खोडी काढली ते ओळखण्यात गेलेल्या गुरुजींना तो अंगठा दिसला, पदर दिसला. शेवटी भागोजीचं तोंड दिसलं, आणि त्यावर ते जरा जास्त वेळ थांबले.

"माझंच," ते म्हणाले. "सगळं माझंच आहे. चालू द्या. आणि भागोजी, तिकडे तोंड करा."

भागोजी फिरला. गाऱ्हाणं पुरं झालं.

देवळाबाहेर काशीरामने गुरुजींना गाठलंच. "माझ्या काजूनं तुमचं काय घोडं मारलंय? तुमचं घर वरच्या वाडीत, काजू खालच्या!"

"दुरून त्रास होतो," गुरुजी म्हणाले आणि चपला शोधू लागले.

मालिनीबाई मात्र वाटभर बोलत होत्या.

कमिटीच्या वहीत नोंद आहे: अज्जोर्नामेंतो पार पडले. पुढील वर्षापासून पूर्ववत.

राहीच्या जावयाने मुंबईच्या एस.टी.चं तिकीट आदल्या मंगळवारीच काढून ठेवलं होतं.