तटाच्या पायाशी

नगरसभेचा हुकूम घेऊन सकुरो आला, तेव्हा दिविक्स्ता बाबांच्या थडग्याच्या दगडावरचं शेवाळ खरवडत होती. शहराभोवती तट बांधायचा होता. खाणीतून दगड आणायला ना बैल उरले होते, ना सवड. म्हणून स्मशानातले दगड घ्यायचं ठरलं होतं.

सकुरो बाबांच्या हाताखाली छिन्नी धरायला शिकला होता. आता तो तटाचा मुख्य मिस्त्री होता.

"ताई, रागावू नकोस."

"रागावत नाही, दादा. एवढंच सांग, तुझी छिन्नी तुझ्या कुठल्या गुडघ्यात ठोकू?"

"डाव्या. उजवा मिस्त्रींनी, तुझ्या बाबांनी, कधीच निकामी केलाय. दगडांचा सांधा वाकडा घेतला म्हणून परांचीवरून ढकललं होतं मला."

दगडावर बाबांचा चेहरा कोरलेला होता. रुंद कपाळ, जरासं मोडलेलं नाक, एका हातात हातोडा, दुसऱ्यात पेला. त्यांचं दुसरं चित्र कुठेच नव्हतं.

बाबांच्या उमेदीच्या काळात या बुर्दिगाला शहराचं नाव समुद्रापलीकडे होतं. गारुम्ना नदीला भरती आली की कथलाने भरलेली गलबतं धक्क्याला लागत आणि द्राक्षारसाची पिंपं घेऊन परतत. त्याच दिवसांत बाबांनी आखाड्याच्या कमानी उभ्या केल्या. खेळांच्या दिवशी सगळा गाव त्या कमानींखालून आत लोटायचा, आणि बाबा खेळ सोडून कमानीच बघत बसायचे. गेल्या उन्हाळ्यात लुटारूंनी धक्का जाळला. आता तट आखाड्याला बाहेर सोडून वळणार होता. शहराचा एक कोपरा तेवढा आत राहणार होता.

"आणि नाही दिला तर?" तिने विचारलं.

"तर मी हात लावणार नाही. पण चुनाभट्टीवाले दगड जाळायला नेताना विचारत नाहीत."

हे तिला ठाऊक होतं. कालच तिने भट्टीच्या तोंडाशी कुणाच्या तरी आजीचं दगडी डोकं पाहिलं होतं.

सकुरो हळूच म्हणाला, "वेशीच्या दारावर बसवतो. चेहरा बाहेर. येता-जाता दिसतील तुला. मिस्त्रींसाठी एवढं तर करीनच."

तिचा जीव त्या बोलण्यात अडकला. रोज पाणी आणायला जाताना बाबा दिसतील! ती त्याच्याबरोबर तट बघायला गेली.

खंदकात पाया भरत होते. देवळांचे खांब, स्नानगृहाच्या पायऱ्या, थडगी, सगळं चुन्याशिवाय, नुसत्या वाळूत बसवत होते. वर दारापाशी एक गवंडी कुणाचं तरी कोरीव नाक तासत होता.

"ते कशाला?"

"पाऊस लागला की कोरीव काम सुटतं, ताई. पुढे आलेलं थोडं तासावंच लागतं."

"आणि खाली?"

"खाली तासायची गरज नाही. पण खाली गेलेलं पुन्हा कुणाला दिसत नाही."

दिविक्स्ता खड्ड्यात बघत उभी राहिली. तळाचा थर बाबा दुसऱ्या कुणाला बसवू देत नसत. म्हातारपणीही चिखलात पालथे पडून, एक डोळा मिटून दगडाची पातळी बघायचे. आई ओरडायची, "कपडे कोण धुणार?" बाबा म्हणायचे, "आधी शहर उभं राहू दे."

"खाली ठेव," ती म्हणाली. "दारावर त्यांना करमायचं नाही. सगळे गवंडी चुकताना दिसतील."

सकुरो हसायला गेला आणि त्याने डोळे पुसले.

दगड उतरवण्याआधी तिने ओल्या फडक्याने त्यांचा चेहरा पुसला. कपाळ, मग नाक. तिने बघून घेतलं. मग दोर सुटले.

फेब्रुवारीत पितरांचे दिवस आले. दिविक्स्ता सुरई आणि द्राक्षारसात भिजवलेला पाव घेऊन तटाशी गेली, आणि थबकली. तटाच्या पायाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसंच माणसं होती. प्रत्येकाच्या हातात सुरई.

"अहो, सरका! इथे आमचे आजोबा आहेत."

"इथे आमच्या सासूबाई आहेत."

"म्हणजे आजोबा त्यांच्या खाली?"

"बिचारे! आमच्या सासऱ्यांनी हेच सोसलं."

हशा पिकला. नदीवरून आलेला एक परदेशी नावाडी गोंधळून उभा होता. "बाई, भिंतीची पूजा करता तुम्ही?"

"पूजा नाही," दिविक्स्ता म्हणाली. "आमची माणसं कामावर आहेत. त्यांचं खाणंपिणं घेऊन आलोय."

तिने मान वर करून तट पाहिला. सरळ होता. एक डोळा मिटून पुन्हा पाहिला, तरीही सरळ. मग तिने सुरईतला द्राक्षारस पायाशी ओतला, बाबांना आवडायचा तसा, पाणी न घातलेला.