मुनीरच्या नाकातलं पाणी

एकोणीसशे चौसष्ट. दुबईच्या खाडीकाठी, झावळ्यांच्या आमच्या खोलीपुढे माणसांची ही झुंबड! आत खोक्यावर माझा धाकटा भाऊ मुनीर, आणि त्याच्यापुढे जिन उतरवणारा खैरुद्दीन आमिल.

"निकल, जिन! पानी बनके निकल!" आमिल ओरडायचा आणि मुनीरला कमरेतून वाकवायचा. लगेच नाकातून स्वच्छ पाणी टपटप पडायचं. "सुभानल्ला!" लोक पुढे सरायचे. खोलीतले वडीलधारे बदरुद्दीनचाचा ते थेंब अत्तराच्या रिकाम्या बाटल्यांत भरत होते. रत्नागिरीच्या लाँचने गावच्या आजारी पोरांसाठी पाठवायला! एक खेप तर आधीच रवाना झाली होती.

मी दवाखान्यात नर्स. दवाखान्याच्याच कामाने दहा दिवस शारजात अडकले होते, आजच परतले.

"चाचा, झालं काय?"

"मालाच्या बार्जवर काम करताना फळी कपाळावर बसली, मरियम. रक्त थांबलं, मग हे पाणी. कालपासून ताप आहे."

"जखम नाही, बहन, जिन आहे," आमिल म्हणाला. "हा रुमाल बघ. शेंबूड वाळला की कापड कडक होतं. हा नरम! पाक पाणी!"

"शेंबूड नाहीच तो," मी म्हटलं. "आता तुम्ही गप्प बसा. मुनीर, मागे टेक."

पाणी थांबलं.

"आता वाक."

टप टप टप. ना मंत्र, ना धुरी.

"तुमचा जिन माझाही हुकूम मानतो की! मग मीही आमिल झाले?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मला रडू येत होतं.

"अहो, मेंदूभोवती हाडाची कवटी असते, आत चिवट पडदा आणि त्यात हे पाणी. होडी तरंगते तसा मेंदू त्यात तरंगतो, म्हणून धक्का बसला तरी सांभाळला जातो. फळीने नाकाच्या वरचं हाड चिरलं, पडदा फाटला. वाकवलं की त्या चिरेतून पाणी गळतं. तुम्ही जिन काढत नव्हता, मेंदूचं संरक्षण उपसत होता. आणि त्याच वाटेने आत काय घातलंत?"

"फक्त धुरी... आणि नाकात फुंकलेली राख," चाचा पुटपुटले.

"मुनीर, हनुवटी छातीला लाव."

त्याला लावता येईना. मान लाकडासारखी ताठ.

"जिनाने मान पकडली!" आमिल ओरडला. मी त्याला हाताने बाजूला ढकललं. "यल्ला, लवकर गाडी आणा!"

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोकं उंच ठेवून निजवलं, नाक शिंकरू दिलं नाही, तर अशी चीर बहुतेक वेळा आपोआप भरते. आता जंतू मेंदूच्या पडद्यापर्यंत पोचले होते, ताठ मान ही त्याचीच खूण. सोमवारी मुनीर गेला. आमिल त्याच दिवशी रास अल खैमाला पळाला.

घरी तार करायचा धीर मला झाला नाही. दोन आठवड्यांनी अम्माचं पत्र आलं: 'मुनीरच्या पाण्याने शेजारच्या झुबेदाच्या पोराचा ताप उतरला. अजून दोन बाटल्या पाठव.'

तीन दिवसांनी मी उत्तर लिहिलं. 'अम्मा, पोराचा ताप उतरायचाच होता, म्हणून उतरला. ते पाणी आपल्या मुनीरच्या मेंदूचं होतं. ते त्याच्या डोक्यात राहायला हवं होतं, बाटलीत नाही. मुनीर आता नाही. गावात सगळ्यांना हे पत्र वाचून दाखव. डोक्याला मार लागून कुणाच्या नाका-कानातून पाणी आलं, तर आमिलाला बोलावू नका, दवाखान्यात न्या. आणि उरलेली बाटली ओतून टाक.'