भातेबुवांचा खोकला

भातेबुवांना गेल्या सव्वीस वर्षांत कुणाचंच वाजवणं आवडलं नव्हतं. स्वतःचं थोडंफार आवडायचं, तेही फक्त उन्हाळ्यात. हिवाळ्यात अकॉर्डियनच्या पट्ट्या बर्फासारख्या गार पडतात, बोटं लाकडी होतात, आणि समोरची माणसं हातमोजे न काढताच टाळ्या वाजवतात. शंभर माणसांनी मिळून उशा झटकाव्यात तसा तो आवाज. त्या आवाजाला वाकून नमस्कार करायचा म्हणजे भातेबुवांच्या अगदी जिवावर यायचं.

त्यांचं खरं नाव जाहिरातीच्या कागदावर तळाला, छापखान्याच्या पत्त्याच्या जरासं वर असायचं. अकॉर्डियनचा भाता आणि त्यांचं पोट एकाच लयीत हलतं, म्हणून ऑर्केस्ट्रात सगळे त्यांना भातेबुवाच म्हणत. ऑर्केस्ट्रा सहा जणांचा. मालक आणि गायक एकच. कुण्या वार्ताहराने तरुणपणी एकदा त्याला 'बुलबुल' म्हटलं होतं. तो वार्ताहर केव्हाच ते विसरला असेल, पण या गृहस्थाने ते बिरुद गळ्यात अडकवलं ते आता पन्नाशी उलटली तरी उतरवलेलं नाही.

हिवाळ्यातला दौरा म्हणजे चाळीस दिवसांत एकतीस गावं. हिवाळाच का, तर उन्हाळ्यात त्या सभागृहांत बरे कलावंत येतात म्हणून. बस छोटी, मागच्या दाराच्या फटीतून वारा आत येणारी. लॉजवरच्या खोलीत एक हीटर, तो रात्रभर पाना आपटल्यासारखा ठणठण वाजायचा आणि ऊब मात्र फक्त स्वतःला द्यायचा. त्यावर वाळत घातलेले मोजे सकाळी ओलेच, वर करपलेले. शेजारच्या पलंगावर ड्रम वाजवणारा ढोल्या. रंगमंचावर ज्याची लय हमखास सुटायची तो झोपेत मात्र तासन् तास एका लयीत घोरायचा. "हाच ताल उद्या वाजव ना रे बाबा," असं भातेबुवा छताकडे बघत म्हणायचे.

आणि दर रविवारी सकाळी बुलबुलची रेडिओवरची 'चिठ्ठी'. कुठल्याशा केंद्राने त्याला दहा मिनिटं दिली होती. तो लॉजच्या खोलीतून फोनवर बोलायचा, दौऱ्यावरच्या गोष्टी सांगायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला. कधी म्हणे वाटेत लांडगे दिसले, कधी म्हणे एका आंधळ्या आजीने आवाजावरून त्याला ओळखलं. बाकीचे पाच जण खाली न्याहारी करता करता ते ऐकत आणि खाली मान घालून पाव चावत.

दौऱ्याच्या बाराव्या दिवशी बस बर्फात रुतली. सगळे खाली उतरून ढकलायला लागले. बुलबुल तेवढा आत बसून राहिला, कारण गळा. मांडीवर गरम पाण्याचा थर्मास घेऊन तो खिडकीतून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत होता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते यालाच. बस एकदम सुटली तसे भातेबुवा मागच्या मागे बसले. ढुंगणाखाली मागच्या खिशातला फोन होता, तो तिथेच संपला. ढोल्याने हात दिला, भातेबुवा उठले, दोन शिव्या घातल्या आणि गाडीत जाऊन बसले. घडलं ते एवढंच.

रविवारी रेडिओवर हेच असं आलं: "आमचा सर्वात वयस्कर साथीदार बर्फात कोसळला. श्वास लागेना. छाती आधीच पोखरलेली. मी त्याला पाठीवर घेतलं आणि अर्धा मैल वादळातून चालत गेलो. माझा हात धरून तो म्हणाला, माझ्या बायकोला कळवू नका. तिला सांगा, मी बरा आहे."

"पोखरलेली?" भातेबुवांच्या हातातला चमचा खाली पडला. "अरे, छाती पोखरलेली?"

"अर्धा मैल तुम्हाला घेऊन चालला म्हणजे कमाल आहे," ढोल्या म्हणाला. "स्वतःचा माइक उचलायला माणूस लागतो त्याला."

भातेबुवांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते बुलबुलच्या खोलीवर गेले, दार वाजवलं, तर आत गुळण्या चाललेल्या. गुळण्या करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. परत आले.

पुढच्या गावापासून माणसं यायला लागली. मध्यंतरात, रंगमंचामागे, जिथे झाडू आणि मोडक्या खुर्च्या ठेवतात त्या खोलीच्या दाराशी रांग लागली. कुणी लोकरीचे मोजे आणले, कुणी मधाची बाटली, कुणी छातीला चोळायचं मलम. एका बाईंनी नुसताच त्यांचा हात हातात घेतला आणि डोळे पुसले. भातेबुवा पहिल्या दिवशी ओरडले, "मला काही झालेलं नाही!" तर रांगेतून हुंदका आला. "मन किती मोठं," कुणीतरी म्हणालं.

बुलबुल काही कच्चा नव्हता. त्याने भातेबुवांची खुर्ची मागच्या ओळीतून उचलून अगदी पुढे, दिव्याखाली ठेवली. गुडघ्यांवर शाल टाकली. पायाशी हीटर लावला, चांगला, खरोखर तापणारा. भातेबुवांनी त्या दिवशी मुद्दाम खराब वाजवलं. संथ गाण्याच्या मधल्या तुकड्यात तीन सूर चुकीचे लावले, डोळे उघडे ठेवून, निर्लज्जपणे. दुसऱ्या दिवशी त्या गावच्या पेपरात आलं की अकॉर्डियनच्या सुरांत मरणाची चाहूल होती.

"गाढवं," भातेबुवा म्हणाले. "लेकाचे कानात लोकर घालून जन्मलेत."

पण त्यांनी ते कात्रण घडी करून पाकिटात ठेवलं. आणि शाल परत केली नाही. हीटरही पायाशीच राहिला. रांगा लागायला लागल्यापासूनच्या चौथ्या गावात संथ गाणं संपता संपता त्यांच्या घशात काहीतरी खवखवलं, ते खोकले, आणि सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता झाली. सव्वीस वर्षांत त्यांच्या वाजवण्याने जी कधी झाली नव्हती, तशी. पाचव्या गावात घसा खवखवला नव्हता. तरी ते खोकले.

भातेबुवांची बायको एका मोठ्या रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डवर सिस्टर होती. अपेंडिक्ससाठी भरती झाले असताना त्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा जी 'सिस्टर' अशी हाक मारली ती लग्नानंतरही सुटली नाही. लोक हसायचे. त्यांना पर्वा नव्हती. तिला तर नव्हतीच. गाण्याबजावण्याबद्दल तिचं मत असं की, दुखत नसेल तर माणसाने उगाच आवाज काढू नये.

वॉर्डमधल्या रेडिओवर तिने ती चिठ्ठी ऐकली. भातेबुवांना फोन लावला, तो बंद. ढोल्याला लावला. ढोल्या झोपेत होता, तो म्हणाला, "बरे आहेत, बरे आहेत." हे उत्तर तर रेडिओने आधीच सांगून ठेवलेलं. शिवाय तीस वर्षांच्या नोकरीत ती एक गोष्ट पक्की शिकली होती: नातेवाईक दोनदा 'बरे आहेत' म्हणाले की खाट रिकामी व्हायची वेळ आलेली असते. पुढचा आठवडा तिला रजा मिळेना. मिळाली त्या दिवशी पहाटेची बस धरून, सात तास बसून ती दौरा पोचला होता त्या गावात उतरली. रविवार होता. दुपारचा कार्यक्रम चालू होता. ती सभागृहाच्या मागच्या दाराने आत आली तेव्हा मध्यंतर झालं होतं आणि रांग लागली होती.

भातेबुवा मोडक्या खुर्च्यांमधल्या त्यातल्या त्यात धड खुर्चीवर बसले होते. गुडघ्यांवर शाल, शालीवर कुणीतरी ठेवलेली गरम पाण्याची पिशवी, चेहऱ्यावर थोर माणसाचा थकवा. एक म्हातारे गृहस्थ मोज्यांची जोडी देत होते. भातेबुवांनी ती घेतली आणि हळूच खोकले.

"ओला की कोरडा?"

आवाज ओळखीचा होता. भातेबुवांनी मान वर केली.

"सिस्टर? तू इथे कशी?"

"खोकला विचारतेय. ओला की कोरडा? कफ पडतो? रंग कसला?"

उत्तराची वाट न पाहता तिने त्यांची नाडी धरली, नखं बघितली, डोळ्यांच्या खालची कातडी ओढून पाहिली. मग पाठीला कान लावला. "श्वास घ्या. सोडा. पुन्हा घ्या. तोंडाने, नाटकं नकोत." दोन मिनिटांनी ती सरळ उभी राहिली आणि वॉर्डमध्ये बोलते त्या आवाजात रांगेला म्हणाली, "दोन्ही फुप्फुसं स्वच्छ आहेत. या माणसाला काहीही झालेलं नाही. जा आता सगळे घरी."

कुणी हललं नाही. मोजेवाले म्हातारे शेजारच्या बाईंना हळूच म्हणाले, "बायको आहे ना. चारचौघांत धीर धरायलाच हवा तिला." बाईंनी रुमाल काढला.

तेवढ्यात बुलबुल आला. परिस्थिती त्याच्या लगेच ध्यानात आली, आणि त्याने दोन्ही हात पसरले. "वहिनी! किती लांबून आलात! काही काळजी करू नका, मी आहे ना."

"तुम्ही यांना पाठीवर घेतलंत?"

"माणुसकी आहे हो ती. त्यात काय सांगायचं."

"सांगितलंत तर तुम्हीच. अर्धा मैल?"

"असेल तेवढं."

"मग आत्ता घ्या," सिस्टर म्हणाली. "इथून स्टेजवरच्या खुर्चीपर्यंत. वीस पावलं होतात, मी येताना बघितलं."

बुलबुल हसला. बाकी कुणी हसलं नाही. उलट रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. हरभऱ्याच्या झाडावर एकदा चढलेल्या माणसाला खाली उतरायची वाट नसते. बुलबुल वाकला. भातेबुवा "अगं, नको, अगं" म्हणत होते, पण सिस्टरने त्यांच्या काखेत हात घालून, तिच्या वॉर्डमध्ये रोज कितीतरी जणांना उचलते तसं, उचलून त्याच्या पाठीवर ठेवलं. ब्याण्णव किलो. बुलबुलने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला त्याच्या घशातून असा एक सूर निघाला जो त्याने आयुष्यात कधी लावला नव्हता, आणि दोघेही झाडूंवर जाऊन पडले.

"बघा," मोजेवाले म्हातारे गहिवरून म्हणाले, "वादळात देवच बळ देतो. एरवी कसं जमणार?"

सिस्टरने कपाळावर हात मारला.

उत्तरार्धात भातेबुवांनी शाल काढून फेकली, खुर्ची उचलली आणि मागच्या ओळीत, ढोल्याच्या शेजारी आपल्या जागी नेली. मग पुढे येऊन माइकवर म्हणाले, "मी आजारी नाही. कधीच नव्हतो. मला कुणी पाठीवर घेतलेलं नाही. मी खोकलो ते खोटं खोकलो." पालथ्या घड्यावर पाणी. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, काही जण रडत. भातेबुवा मागे गेले आणि त्यांनी वाजवलं. चांगलं वाजवलं. बोटं गार होती, हीटर पुढेच राहिला होता, तरी संथ गाण्याचा तुकडा त्यांनी असा काढला की ढोल्याची लयसुद्धा सुटली नाही. ऐकलं कुणी? लोक पुढच्या रिकाम्या जागेकडे बघत डोळे पुसत होते. तिसऱ्या रांगेत सिस्टर बसली होती, कोट न काढता, पर्स मांडीवर घट्ट धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटी होती, म्हणून तिला संध्याकाळी सहाची बस पकडायची होती. भातेबुवा तिला सोडायला स्टँडवर गेले. बाकावर बर्फ होता, म्हणून दोघे उभेच राहिले.

"तो खोटारडा आहे हे मला लग्नाच्या दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "आपल्याच लग्नात स्वतःचा सत्कार करून घेतला त्याने. त्याचं मला काही नाही."

"मग?"

"तुम्ही खोकलात."

"एकदाच गं. सवयीने."

"मी दारातून मोजलंय. तीनदा." ती रस्त्याकडे बघत होती. "सात तास बसमध्ये मी काय करत होते माहीत आहे? तुमचे कपडे कुणाला द्यायचे ते ठरवत होते. करड्या कोटापर्यंत आले होते. तो कुणाला होईना."

भातेबुवांना जन्मभर जगाला नावं ठेवण्याचा सराव होता. बुलबुल ढोंगी, ढोल्या मठ्ठ, लोक गाढवं. आज त्यातलं एकही नाव कामाला येईना. एक होतं, पण ते स्वतःलाच लावायचं होतं, आणि त्याची सवय नव्हती.

"चुकलं," ते म्हणाले.

"चुकलं काय, लाज आणलीत." बस आली. तिने पिशवी उचलली. तिच्यात मोज्यांच्या चौदा जोड्या होत्या, वॉर्डमधल्या लोकांसाठी. मधाची बाटली तिने परत त्यांच्या हातात ठेवली. "ही त्या बुलबुलला द्या. पडल्यापासून घोगरा बोलतोय."

पुढच्या रविवारच्या चिठ्ठीत बुलबुलने सांगितलं की एका सतीसाध्वीच्या नुसत्या स्पर्शाने त्याचा साथीदार खडखडीत बरा झाला. तो हे सांगत होता तेव्हा त्याच्या कमरेला पट्टा होता. त्यानंतर रांगा थांबल्या. बरा झालेला माणूस कुणाला हवा असतो? पुढल्या गावात भातेबुवांना कुणी ओळखलंही नाही. एका बाईंनी त्यांना सभागृहाचे रखवालदार समजून स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. भातेबुवांनी दाखवलं. त्यांना राग यायला हवा होता, आणि आलाही, पण त्याच्या तळाशी पुढची खुर्ची गेल्याची हळहळ होती. ती त्यांना स्पष्ट दिसली, आणि रागापेक्षा तिचाच जास्त त्रास झाला.

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर त्यांनी ढोल्याचा फोन मागून वॉर्डवर लावला.

"चिठ्ठी ऐकली," सिस्टर म्हणाली. "रविवारपासून तीन पेशंट स्पर्श करा म्हणून मागे लागलेत. मूर्ख मेले." मग तिने विचारलं, "काल कसं वाजवलंत?"

सव्वीस वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं.

"तिसऱ्या गाण्यात घसरलो," ते म्हणाले. "दोन सूर गेले."

"कुणाच्या लक्षात आलं?"

"छे."

"तुमच्या?"

"माझ्या आलं ना."

"बरं," ती म्हणाली. "ठेवते. सात नंबरची सलाईन संपत आली."