बाबांना आवडलेलं हेरिंग

आई गेल्यापासून दर शनिवारी मी बाबांकडे जाते, खारवलेलं हेरिंग करते आणि डोकं फिरवून घेऊन घरी परतते. आमच्या बेटावर शनिवारी दुपारी हेच असतं: हेरिंग, उकडलेले बटाटे, कच्चा कांदा, बीट. यात बिघडवण्यासारखं आहे काय? मासा मिठातून काढायचा, रात्रभर गोड्या पाण्यात ठेवायचा, कातडी ओढायची, काटे काढायचे. तरी कुठेतरी माशी शिंकायचीच. बाबा दोन घास खाऊन ताटली सरकवायचे.

"आईसारखं नाही झालं, तुरीद."

"आईसारखं म्हणजे कसं, ते तरी सांगा!"

"तिला कधी सांगावं लागलं नाही."

घ्या!

डॉक्टरांनी त्यांना मीठ कमी करायला बजावलंय, म्हणून मी भिजवताना सारखं पाणी बदलायची. त्यानंच चव जात असेल असं वाटून या खेपेला ठरवलं, डॉक्टर गेले खड्ड्यात, आई भिजवायची तेवढंच भिजवायचं. तरीही बाबांनी नाक मुरडलं, तर सोमवारपासून नगरपालिका म्हाताऱ्यांना घरपोच पाठवते तो डबा. त्यांचे सदरे खांद्यांवरून लोंबायला लागले होते आणि माझ्याच्यानं ते बघवत नव्हतं.

शुक्रवारी मासे भिजत घालायला बाबांच्या तळघरात गेले, तर खारवलेल्या माशांचं पिंप गळत होतं. त्यातले मासे खाऱ्या पाण्यासकट एका पांढऱ्या बादलीत काढले आणि शनिवारपुरते दुसऱ्या पांढऱ्या बादलीत गोड्या पाण्यात भिजत टाकले. दुसऱ्या दिवशी माझा नवरा ओडवार म्हणाला, "मासे मी साफ करतो, तू बटाटे बघ." हा शहरात वाढलेला माणूस लग्नानंतर पहिल्यांदाच आपणहून उठला होता. त्या आनंदात मी बादली दाखवायला खाली गेले नाही.

बाबा खिडकीतल्या खुर्चीवरून उंटावरून शेळ्या हाकत होते. "कांदा जाड कापलास. बटाटे फुटतील बघ." मी दात आवळून कापत राहिले.

जेवायला बसलो. ओडवारनं पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं करून थेट नळाकडे धावला. मीही तुकडा तोंडात टाकला. मूठभर मीठ चावल्यासारखं झालं, डोळ्यांत पाणी आलं.

"ओडवार! कुठल्या बादलीतले आणलेस?"

"दाराजवळच्या."

"अरे, ते पिंपातले! भिजवलेलेच नाहीत!"

"मग दोन्ही बादल्या सारख्या कशाला ठेवल्यास? मला काय स्वप्न पडणार होतं?"

"मासा हातात घेऊन कळत नाही तुला? ताठ होता की नाही?"

"मला वाटलं, ताजा असेल!"

"पिंपातला? ताजा?"

आमचं असं जुंपलेलं असताना बाबा मात्र जेवत होते. वळून पाहिलं तर पहिला तुकडा संपला होता आणि दुसरा ते बटाट्यावर ठेवत होते. तो तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. चेहऱ्यावर आठीसुद्धा नाही.

"आज जमलं हं, पोरी," ते म्हणाले. "अगदी आईसारखं."

हे वाक्य ऐकायला मी किती शनिवार घालवले होते! आणि ऐकलं ते न भिजवलेल्या माशावर!

"बाबा, खारट नाही लागत?"

"खारट कुठं? बेताचं आहे. बऱ्याच दिवसांनी तोंडाला काहीतरी चव लागतेय." त्यांनी तिसरा तुकडा घेतला. "मध्यंतरी सगळंच कागद चावल्यासारखं लागायचं. म्हटलं, तुला नाही जमत. जाऊ दे."

ओडवार नळाशी तसाच उभा राहिला. मला रडू येत होतं आणि संतापही. इतके दिवस तोंडाची चव गेलेली, एका शब्दानं सांगितलं नाही, आणि खापर माझ्या माथी! आता कुठे पोटभर जेवत होते, तर जेवत होते तेच, जे डॉक्टरांनी त्यांना बंद केलं होतं. मी पुढे वाकून त्यांची ताटली धरली.

"अगं, इतक्या दिवसांनी आज जेवतोय मी!" असं म्हणत त्यांनी दुसऱ्या बाजूनं ती घट्ट पकडली. मी सोडली नाही.