पेकानखालचं घमेलं

मित्रांनो, मी एक म्हातारा टायर आहे, पण आता मला कुणी टायर म्हणत नाही. ट्रकखाली फिरून झिजलो, तेव्हा मला कापून मोज्यासारखं उलटं केलं, तळ लावला आणि माझं घमेलं झालं. टेक्ससमधल्या प्लेनो शहराच्या उत्तरेला एका कुरणात, टेकाडावरच्या पेकानच्या झाडाखाली मी बसून असतो. माझ्यात मीठ, खनिजं आणि जीवनसत्त्वांची तांबूस भुकटी असते. हिरव्या गवतातून गाईंना अ जीवनसत्त्व मिळतं. गवत पिवळं पडलं की माझी वेळ येते. खरखरीत जिभा माझ्यात फिरू लागल्या की मला पुन्हा लांबलांब रस्ते पळताना दिसतात.

कुरण त्र्यंबककाका आणि सुहासिनीकाकूंचं. काका मुलांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. गाई मांसासाठीच्या. वासरं न्यायला ट्रक येतो, त्या दिवशी काकूंना नेमकं मंदिरात काम निघतं.

काकूंची एक रीत होती. सकाळच्या पहिल्या पोळ्या गाईंच्या, तूपगूळ लावून, फाटकापाशी. पाण्याची टाकीही तिथेच. गाई दिवसभर तिथेच रेंगाळू लागल्या. माझ्यातल्या भुकटीवर खपली धरली.

त्या वर्षी पाऊस रुसला, गवत पिवळंच राहिलं. जांभळी नावाच्या काळ्या गाईला वासरू झालं, ते आंधळं. आईच्या हंबरण्यामागे धावताना ते कुंपणाला धडकायचं. फार दिवस जगलं नाही. गुरांचे डॉक्टर म्हणाले, गाभण असताना आईला अ जीवनसत्त्व कमी पडलं.

पुढच्या थंडीत जांभळी पुन्हा गाभण होती. काकांनी बोटाने माझी खपली फोडली.

"अगं, इथे कुणी तोंडच लावलेलं नाही. सगळ्या तुझ्या फाटकाशी."

काकूंनी खपलीचा तुकडा उचलून पाहिला. "म्हणजे मीच त्यांना अडवून ठेवलं."

"पोळी बंद कर थोडे दिवस."

"बंद नाही करायची. इथे आणून देईन."

"एवढं चढून? आणि गूळ?"

"गूळ तुम्हाला बंद आहे, जांभळीला नाही."

काकांनी ताजी भुकटी ओतली. काकू रोज धापा टाकत टेकाड चढू लागल्या. जांभळीने पोळी खाल्ली, ओठ चाटले आणि माझ्यात जीभ घातली. जरा थबकली. पुन्हा चाटलं. मला वाटलं, मी हलकेच फिरू लागलोय.

वसंतात वासरू झालं. काकूंनी श्वास रोखून त्याच्यासमोर ओढणीचं टोक हळूच हलवलं. वासराची मान ओढणीमागे वळली. काकू तिथेच गवतात बसल्या.

मित्रांनो, ज्याला मायेने भरवता, त्याला काय कमी पडतंय तेही बघत जा. आणि कधी एखाद्या कुरणात गेलात, तर कोपऱ्यातल्या घमेल्यात जरा बोट फिरवून पाहा.