मशीन थांबली की

दुकान सुटलं आणि शिवणयंत्र घरात खिडकीखाली आलं, तेव्हा शिंप्याला वाटलं होतं, बरंच झालं, दोन्ही डगरींवर हात ठेवता येतील. बायको दवाखान्यात नर्स. ती सकाळी जायची ती तिन्हीसांजेनंतर यायची, चार घास पोटात ढकलायची आणि आडवी व्हायची. मधल्या दिवसात शिंपी आणि नुकती रांगायला लागलेली चिमी.

मशीनच्या घरघरीत चिमी गाढ झोपायची. मशीन थांबली की डोळे टक्क उघडे. म्हणून काजं-बटणं हाताने करायची असली तरी तो दोरा काढून पायाने मशीन नुसतीच चालवत बसायचा. गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, “बाई नाहीत घरात?”

“कामावर गेल्यात.”

“मग काय, मजा आहे तुमची.”

तो हसायचा. संध्याकाळी लक्षात यायचं, दिवसभरात आपण ‘अले अले’ सोडून फारसं काही बोललोच नाही.

एकदा गणिताच्या निवृत्त बाई कोट सैल करायला घेऊन आल्या. चिमीला दात येत होते, ती घर डोक्यावर घेऊन रडत होती.

“द्या इकडे,” बाई म्हणाल्या. “हात दोन, कामं चार, हिशेब जमायचा कसा?”

त्यांनी तिला खांद्यावर टाकलं. शिंपी शिवण उसवता उसवता बोलत सुटला. पोरीचे दात, जुनं दुकान, बायकोचे सुजलेले पाय. बाई नुसतं ‘हं’ म्हणत होत्या. त्याला तेवढंही पुष्कळ होतं.

“झाला का कोट?”

“अस्तर राहिलंय,” तो म्हणाला. “परवा या.”

परवा बाई आल्या. त्यांनी कोट उलटा करून पाहिला.

“अस्तराला तर हातही लावायची गरज नव्हती.”

शिंप्याने मान खाली घातली.

“बसा म्हणायचं होतं सरळ,” बाई म्हणाल्या आणि बसल्या. “आता मुलीकडे निघालेय, कायमची. तिकडे थंडी फार, म्हणून तर हा कोट.”

जाताना त्यांनी चिमीच्या गालाला हात लावला.

रात्री जेवताना तो म्हणाला, “बाई गेल्या.”

“कोण बाई?”

तो सांगू लागला. बायको भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती.

“सांग ना, ऐकतेय,” ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिचा श्वास जड झाला. त्याने तिच्या हातातली ताटली हलकेच काढून घेतली आणि हळू आवाजात उरलेलं सगळं सांगून टाकलं.